सोफुकुजीच्या ट्राममधली जांभळी टोपी

१

चौकीच्या टेबलावर कुणीतरी टोपी आपटली, तेव्हा हवालदारबाई मिचिए इवानागा संत्रं सोलत होत्या.

टोपी जांभळी होती. लोकरीची, हातानं विणलेली, मांजरीच्या पाठीसारखी केसाळ. ती आपटणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला, नीटनेटका, आणि घामानं निथळत होता. नोव्हेंबरातल्या वाऱ्यात घाम! त्याच्या गळ्यात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी लटकत होती. तिच्यात घडी केलेला नकाशा आणि दिवसभराची ट्रामची तिकिटं.

"माझी आई गायब झालीय," तो म्हणाला. "चालत्या ट्राममधून."

मिचिएबाईंनी हातातली फोड खाली ठेवली.

त्यांची चौकी सोफुकुजीच्या देवळाजवळ, नागासाकीची ट्राम जिथं संपते तिथून हाकेच्या अंतरावर. इथं नोकरीला लागल्यापासून लोकांनी त्यांना एकाच जातीचे प्रश्न विचारले होते. देऊळ कुठं? चांगली नूडल्स कुठं? संग्रहालयाला कुठली ट्राम? रहस्यकथा वाचून वाचून त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, पण एकही रहस्य चौकीचा उंबरा ओलांडून आत आलं नव्हतं. आज आलं. मनातल्या मनात त्यांनी टाळी वाजवली आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. समोरचा माणूस टोपीची लोकर बोटांनी कुस्करत होता.

"बसा. नाव?"

"सादाहारु शोजी. यामागाताहून आलोय, उत्तरेकडून. आई ब्याऐंशीची आहे. त्सुने शोजी. स्टेशनसमोर आम्ही चौघं ट्राममध्ये चढलो, इथं शेवटच्या थांब्यावर तिघंच उतरलो. मी आत जाऊन पाहिलं तर ट्राम रिकामी. सीटपाशी आईची ही टोपी आणि," त्यानं दाराकडं बोट केलं, "ही टोपी हातात घेऊन हा माणूस!"

दारात एक लालसर दाढीचा, ताडमाड परदेशी वाकून उभा होता. चौकीच्या चौकटीत तो मावतच नव्हता.

"मी घेतली नाही," तो मोडक्या भाषेत म्हणाला. "मी देत होतो. माझं नाव यॉरिस. हॉलंड."

त्याच्या मागून दोन बायका आत आल्या. एक सादाहारुची बायको चिहारु, डोळे रडून लाल झालेली. दुसरी चण्याएवढी म्हातारी, पांढरेशुभ्र केस, गालावर सुरकुत्यांची जाळी. ही त्याची फुसाआत्या. बापाची धाकटी बहीण.

"मधल्या एखाद्या थांब्यावर उतरल्या असतील," मिचिएबाई म्हणाल्या.

"अशक्य! उतरायचं दार पुढं, ड्रायव्हरशेजारी. आणि त्या दाराला खेटून सगळा वेळ मी उभा होतो. उतरणारा प्रत्येक माणूस माझ्या पोटाला घासून गेला. त्यात आई नव्हती. शिवाय ती कशी उतरेल? तिचं तिकीटसुद्धा माझ्याकडं आहे!"

त्यानं पिशवी वर धरली. चारही तिकिटं आत होती.

२

ट्राम अजून थांब्यावर उभी होती. ड्रायव्हर उराकावा डबा उघडून भाताचे गोळे खात होता. मिचिएबाईंना त्यानं लांबूनच ओळखलं.

"म्हातारी हरवली म्हणे? माझ्या ट्राममध्ये छत्र्या हरवतात, कवळ्या हरवतात. अख्खी बाई पहिल्यांदाच."

"चेष्टा पुरे, उराकावा. तू पाहिलंस का तिला?"

"माणूस उतरताना मी तोंड बघत नाही हो, हात बघतो. पण एक सांगतो. हे साहेब माझ्या कानाशी उभे होते. प्रत्येक थांब्यावर 'हा कुठला? हा कुठला?' त्यांना ओलांडून मांजरसुद्धा नकळत उतरलं नसतं."

"आणि मागच्या दारानं?"

"ते फक्त चढायला. उघडलं की मला आरशात दिसतं. स्टेशन सोडल्यावर तिथून चढले पुष्कळ, उतरलं कुणी नाही." त्यानं बोट चाटलं. "खिडकीतून गेली असेल तर मात्र बाई, तिला सर्कशीत घाला."

मिचिएबाई ट्राममध्ये चढल्या. दोन्ही बाजूंना लांबलचक बाकं, माथ्यावर लोंबणाऱ्या कड्या. मागच्या कोपऱ्यातली जागा यॉरिसनं दाखवली. "मी इथं. कोपऱ्यात. माझ्या या बाजूला खिडकी. त्या बाजूला टोपीवाली आजी. तिच्यापलीकडं शाळेतल्या मुली. पुष्कळ. सगळ्या हसत होत्या."

सहलीला आलेल्या मुलींच्या घोळक्यानं स्टेशनपासूनच ट्राम खच्चून भरली होती, हे उराकावानंही सांगितलं.

"आजी बोलल्या तुमच्याशी?"

"बोलल्या नाहीत. गोळी दिली. आंबट." त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. सुकवलेल्या आलुबुखाराची गोळी, आपल्याकडं म्हाताऱ्या पदराला बांधून ठेवतात तसली. "चांगली आजी. मग ट्राम थांबली. आजी उठल्या. मी मोठी बॅग काढत होतो, वेळ लागला. वळून पाहिलं तर टोपी बाकावर! मी उचलली आणि ओरडलो, 'आजी, टोपी!' तेवढ्यात हे साहेब आले, आणि माझा हात धरला."

मिचिएबाई जागच्या जागी थबकल्या.

"थांबा. टोपीवाल्या आजी उठल्या? शेवटच्या थांब्यावर?"

"हो."

"म्हणजे इथपर्यंत त्या तुमच्या शेजारी होत्या?"

"हो. स्टेशनपासून."

"आणि त्यांच्या सोबतची दुसरी आजी कुठं बसली होती?"

यॉरिसनं लाल भुवया उंचावल्या.

"दुसरी? दुसरी आजी कुठली?"

३

चौकीत परत येऊन मिचिएबाईंनी आधण ठेवलं आणि कपाटातला कासुतेरा काढला. नागासाकीत दुःख असो वा आनंद, आधी हा पिवळाधमक केक कापतात, मग बोलतात.

सादाहारुनं केकला हात लावला नाही. चिहारुनं तुकडा घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"शेवटचं कधी पाहिलंत सासूबाईंना?"

"अहो, सगळा वेळ पाहत होते!" चिहारु म्हणाली. "हे पुढं घुसले, त्यांच्यामागं मी. माझ्यामागं सासूबाई आणि आत्याबाई होत्या, पण मध्ये त्या मुली शिरल्या. मला मागं सरकताच येईना. पण मुलींच्या खांद्यांमधून टोपी दिसत होती. ती जांभळी टोपी मीच विणलीय, त्यांच्या वाढदिवसाला. गर्दीत पटकन दिसावी म्हणूनच तो रंग घेतला. दर थांब्यावर मी वळून बघायचे. टोपी जागेवर! एकदा तर मी हात हलवला, आणि टोपी हलली."

"चेहरा दिसला?"

"चेहरा... नाही. टोपी खाली झुकलेली होती. वाटलं, डुलकी लागली असेल."

"मंडळी, तुम्ही केकच खात बसणार आहात का?" सादाहारु उसळला. "ती एकटी कधी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेलेली नाही! वडील होते तोवर त्यांच्या ट्रकमधून हिंडली. आम्ही दोघं राहतो सेंडाईत. ते गेल्यापासून मी दर महिन्याला तिथून गावी जाऊन सगळं सामान भरून येतो. म्हणून तर या सहलीनंतर तिला कायमची आमच्या फ्लॅटवर नेतोय. गावचं घर बंद करायचं ठरलंय. फोनसुद्धा ती हॉटेलात उशीखाली विसरली."

"विसरल्या?" मिचिएबाई म्हणाल्या. "बरं. फुसाआत्या, तुम्ही सांगा. तुम्ही कुठं होतात?"

"वहिनीच्या शेजारी," म्हातारी पटकन म्हणाली. "अगदी चिकटून. माझा जरा डोळा लागला. उठले तर शेवटचा थांबा. मला वाटलं, वहिनी पुढं गेली. किती घाबरले म्हणून सांगू!"

एवढं सांगून घाबरलेल्या आत्यानं कासुतेराचा दुसरा तुकडा उचलला, तळाची जाडी साखर नीट खरवडून खाल्ली, आणि तिसऱ्यावर नजर ठेवली.

"घ्या ना," मिचिएबाई म्हणाल्या.

आत्या बशीवर वाकली. खिडकीतलं ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर पडलं. केस एका बाजूला चप्प बसले होते, आणि त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे जांभळट तंतू अडकले होते.

मिचिएबाईंनी चहाचा पेला भरला, अगदी काठोकाठ, आणि हळूच विचारलं, "आत्या, टोपी उबदार होती का हो?"

आत्याचा घास तोंडातच राहिला.

४

"शोजीसाहेब, तुमची आई ट्राममधून गायब झालेली नाही," मिचिएबाई म्हणाल्या. आयुष्यात एकदा तरी हे वाक्य बोलायचं होतं त्यांना, म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या. "कारण त्या ट्राममध्ये चढल्याच नाहीत."

"काहीतरीच काय! चिहारुनं पाहिलं ना—"

"चिहारुताईंनी टोपी पाहिली. टोपीखालची बाई पाहिली नाही. यॉरिसनी टोपीखालची बाई पाहिली, पण तिचं नाव त्यांना ठाऊक नाही. ते म्हणतात, शेजारी एकच आजी होती, आणि ती शेवटच्या थांब्यावर सगळ्यांसारखी उतरली. तुम्ही दाराशी उभे होतात. किती म्हाताऱ्या उतरल्या तुमच्या समोरून, त्या थांब्यावर?"

"एकच. आत्या. पण तिच्या डोक्यावर टोपी नव्हती."

"कारण ती बाकावर काढून ठेवली होती. ट्राम सुटल्यावर दोघींना एकत्र कुणी पाहिलंय? चिहारुताईंना आत्या दिसल्या नाहीत, यॉरिसना दुसरी आजी दिसली नाही. टोपी एक, डोकं एक. आणि लोकर तर अशी की डोकं सोडलं तरी केस सोडत नाही. आरशात बघा आत्या, तुमचे केस पिकून आता जांभळे व्हायला लागलेत."

यॉरिस खो खो हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सादाहारु मात्र पांढराफटक पडला होता.

"आत्या?"

फुसाआत्यानं घास गिळला, चहाचा घोट घेतला आणि पदर खोचावा तशी स्वेटरची टोकं ओढली.

"वहिनी म्हणाली होती, तासाभराची गोष्ट आहे म्हणून. तू असा चौकीत धावशील हे काय ठाऊक? मला वाटलं, थोडी शोधाशोध करशील, तोवर ती येईल."

"पण का?"

"का म्हणून विचारतोस? तूच म्हणालास ना, 'आई, तुला एकटीला साधी बस धरता येत नाही, तू गावात कशी राहणार?' तिला लागलं ते. महिनाभर आम्ही स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून सराव केला रे! मी ड्रायव्हर व्हायचे. ती मागून चढायची, पुढं येऊन नाणी टाकायची, वाकून नमस्कार करायची आणि उतरायची. मी मुद्दाम ब्रेक मारायचे, ती फडताळाला धरायची. एकदा तर हसता हसता दोघी पडलो. मग म्हणाली, 'फुसा, गावात बसनं गेले तर तो म्हणेल, ओळखीचा रस्ता होता. परक्या शहरात जाऊन दाखवते.' चढताना तिनं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि मुलींना म्हणाली, 'तुम्ही जा बाळांनो पुढं.'"

चिहारु रडता रडता हसायला लागली. सादाहारु हसला नाही.

"कुठं गेलीय ती?"

"मला नाही सांगितलं. म्हणाली, तुझ्या पोटात काही राहत नाही. जेवणाआधी देवळाच्या लाल दरवाजाशी भेटायचं ठरलंय."

सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. मिचिएबाई धावत लाल दरवाजापर्यंत जाऊन आल्या. तिथं दोन मांजरं ऊन खात पडली होती. दुसरं कुणीच नव्हतं.

आता फुसाआत्याच्याही हातातला केक गळून पडला.

५

"घाबरू नका. विचार करू," मिचिएबाई म्हणाल्या. कोडं सुटलं की गंमत संपते आणि माणूस उरतो. "स्टेशनसमोरच्या त्या फलाटावर दोनच प्रकारच्या ट्राम लागतात. एक तुमची, इथं येणारी. ती सोडून दिली तर दुसरीच धरावी लागते. त्या दुसरीच्या कपाळावर लिहिलेलं असतं, होतारुजाया."

"काजव्यांचं चहाघर?" चिहारु उडालीच. "अहो, काल हॉटेलात नकाशा बघताना सासूबाईंनी तेच नाव वाचलं होतं! म्हणाल्या, 'किती गोड नाव! काय असतं तिथं?' आणि हे म्हणाले..."

"काय म्हणालो?"

"म्हणालात, 'तिथं काही नाही. आपल्या यादीत नाही.'"

सादाहारुनं गळ्यातली पिशवी कोटाच्या आत सारली.

सोफुकुजीहून थेट होतारुजायाची ट्राम मिळते. पाचही जण तिच्यात चढले. यॉरिसला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला कुणी परत जायलाही सांगेना. या वेळी सादाहारु ड्रायव्हरपाशी गेला नाही. खिडकीच्या काचेला नाक लावून तो प्रत्येक थांब्यावरची प्रत्येक म्हातारी निरखत होता, आणि नागासाकीत म्हाताऱ्या काही कमी नाहीत.

होतारुजायाला ट्रामचा रूळ संपतो. पुढं डोंगर, डोंगरावर एकावर एक चढलेली घरं, खाली ओढा आणि दगडी पूल. चहाघर काही नाही. थांब्यासमोर भाजीचं दुकान होतं. तिथल्या जाडजूड मालकिणीला मिचिएबाईंनी विचारलं, "एक म्हातारी पाहिलीत का? उत्तरेकडच्या बोलीत बोलणारी?"

"पाहिली का म्हणून काय विचारता? ती आत्ता गेली! आली आणि म्हणाली, 'चहाघर कुठाय?' म्हटलं, 'आजी, ते माझ्या आजीच्याही आधीच मिटलं.' तर म्हणते, 'मग चहा कुठं प्यायचा?' आता काय करणार? मी ठेवला आमच्याच घरात." बाईनं दारातल्या टोपल्यांकडं हात केला. टोपल्यांत तुरट जातीची पर्सिमॉन फळं होती, आणि एकूण एक फळाचा देठ ओला चमकत होता. "ही फळं मी स्वस्तात काढत होते. म्हणाली, 'अगं, देठाला दारू चोळून पिशवीत बांधून ठेव, आठवड्यात साखर होतील.' बाह्या वर सारून बसली, सगळ्या टोपल्या करूनच उठली. नवऱ्याची बाटली संपली माझ्या! मग एकदम म्हणाली, 'अगं बाई, माझा मुलगा देवळापाशी हरवला असेल,' आणि पळाली. ती बघा, त्या ट्राममध्ये!"

घंटा टण्‌ टण्‌ वाजली. समोरच्या रुळावरून ट्राम हलली होती. मागच्या खिडकीत, पांढऱ्या केसांची, टोपी नसलेली एक छोटीशी बाई दोन्ही गुडघे जुळवून ऐटीत बसली होती. तिनं बाहेर पाहिलं. डोळे मोठे झाले. मग तिनं हात वर केला आणि सम्राज्ञी हलवते तसा हलवला.

"आई!" सादाहारु ओरडला आणि धावत सुटला.

त्याच्यामागं टोपी मुठीत धरून मिचिएबाई, त्यांच्यामागं चिहारु, आणि सगळ्यांत मागं, फुसाआत्याला पाठुंगळीला घेतलेला यॉरिस. फुटपाथवरची माणसं बाजूला होत होती. दूधवाल्यानं टाळ्या वाजवल्या. ट्रामच्या खिडकीत त्सुनेआजी पोराला हातानं खुणा करत होती, 'अरे हळू, पडशील!' पुढचा थांबा जवळच होता आणि सिग्नल, देवाची कृपा, लाल होता. मागचं दार उघडलं. ते चढले. ट्रामभर नुसता धापांचा आवाज.

सादाहारु आईसमोर उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत पक्कं केलं असावं, कारण तोंड रागानं उघडलं. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"जेवलीस का?"

"दोन बटाटे आणि चहा. तू?"

त्यानं मान हलवली आणि तिच्याशेजारी बसला. ओढा मागं पडला, देवळाच्या उंच पायऱ्या मागं पडल्या. फुसाआत्या हळूच म्हणाली, "वहिनी, मी काही सांगितलं नाही हं. या हवालदारबाईंनी ओळखलं." त्सुनेआजीनं मिचिएबाईंकडं पाहून मान झुकवली, आणि त्यांनाही झुकवावी लागली, गुन्हेगाराला असा नमस्कार करताना त्यांना हसू आवरेना.

"भीती नाही वाटली?" सादाहारुनं शेवटी विचारलं.

"वाटली की. चढताना तर पायच उचलेना. मग एक मुलगी म्हणाली, 'आजी, बसा.' बसले. खिडकीतून बघायला लागले तर काय रे, तुझे बाबा गाडी चालवायचे तेव्हा मी आयुष्यभर रस्ताच बघितला. तो चुकतोय का, हे बघायला! आजूबाजूला बघायचं राहूनच गेलं होतं."

तो हसला. मग नाक पुसत, खिडकीबाहेर बघत, अगदी साधं बोलल्यासारखं म्हणाला, "गावच्या घराच्या मागच्या बाजूचे पत्रे सैल झालेत. बर्फ पडायच्या आत बदलायला हवेत. परत गेल्यावर सुताराला सांगावं लागेल."

चिहारुनं नवऱ्याकडं पाहिलं. मिचिएबाईंच्या हातातली टोपी तशीच राहिली.

"सांगून आलेय," त्सुनेआजी म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशीच."